लेहरा कोणी धरावा?

डिचोली तालुक्यातील पाळी या गावावरून जाण्याचा ज्यांना पूर्वी कधी प्रसंग आला असेल, त्यांना तेथील रस्ता चांगलाच आठवत असेल. खनिजाने भरलेले ट्रक या रस्त्यावरून एकामागून एक धावत असत आणि त्यांच्या घरघरीत शेजारच्या माणसाशी बोलणेही कठीण होऊन बसे. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले तेव्हा आपले गाव किती शांत असू शकते, हे तेथील लोकांना नव्याने कळले. त्या काळातल्या एका संध्याकाळी मी या रस्त्याने चाललो असताना एका घरातून तबल्याचा आवाज कानी आला. तबल्यापाठोपाठ पेटीचे सूर आले. एकच सुरावट, सोळा मात्रांची, पुन्हा पुन्हा. लय किंचितही न हलता. एवढी स्थिर लय राखणारा पेटीवाला या गावात कोण असावा, अशा कुतूहलाने मी आत डोकावलो. सोप्यावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा एकटाच तबला घेऊन बसला होता. पेटी नव्हती आणि पेटीवालाही नव्हता. डग्ग्याच्या पलीकडे भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून तो लेहरा येत होता.

हे दृश्य आता इतके घरोघरचे झाले आहे की त्यात इतिहास सांगण्याजोगे काही असेल, असे सहसा कोणाला वाटणार नाही. परंतु घरी एकट्याने रियाज करणाऱ्याला सोबत कोणी द्यावयाची, हा प्रश्न जुना आहे, आणि गोमंतकात तर तो केवळ संगीताचा प्रश्न कधीच नव्हता.

प्रथम लेहरा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगावयास हवे. गायकाच्या किंवा सतारियाच्या मागे तबलजी ठेका धरतो, हे आपण नेहमी पाहतो. तबलजी जेव्हा स्वतंत्र वादन करतो तेव्हा ही मांडणी उलटी होते. आता सूर मागे बसतात आणि ताल पुढे येतो. तालाच्या एका आवर्तनात बेतलेली एक लहानशी सुरावट पेटीवर किंवा सारंगीवर अखंड वाजत राहते. तिलाच लेहरा किंवा नगमा म्हणतात. तीनतालाचा लेहरा असेल तर सोळा मात्रांत ती सुरावट पुरी होते. तिची चाल अशी असते की शेवटच्या तीन-चार मात्रांत ती समेकडे झुकू लागते आणि ‘आता सम आली’ असे कानाला सांगते. तिच्या आधाराने वादक पेशकार मांडतो, कायदा उलगडतो, रेला धावडवतो, दीडपटीत जातो, आडात शिरतो, आणि तिहाई घेऊन बरोबर समेवर परत येतो. लेहरा नसेल तर हे सारे कसरतीसारखे होईल. आपण किती दूर गेलो होतो, हे कळावयास न हललेली एखादी खूण लागते. ती खूण म्हणजे लेहरा.

ऐकणाऱ्याला वाटते, यात अवघड ते काय? चार सुरांची ओळ, तीच ती वाजवीत राहावयाची! परंतु ज्याने कधी विलंबित लयीत तासभर लेहरा धरला आहे, त्याला विचारावे. समोरचा वादक पाऊणपटीचे बोल टाकीत असतो, मुद्दाम समेला हुलकावणी देत असतो, त्याचे बोट आपल्या मात्रेच्या अलीकडे पलीकडे पडत असते. आणि आपण मात्र मोहात पडावयाचे नसते. कान त्याच्याकडे हवेत, पण लय आपलीच राहावयास हवी. एकदा का मनातली नववी मात्रा सुटली, म्हणजे खाली कोठे आणि सम कोठे याचा पत्ता लागत नाही, आणि मैफलीत सर्वांची मान त्या पेटीवाल्याकडे वळते. लेहरा नीट धरला गेला तर मात्र त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. या कामाचे हे एक वैशिष्ट्यच आहे.

हे काम गोव्यात कोण करीत असे? गोव्याच्या जुन्या काबिजादीत चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकविले जाई, आणि त्यातून एक निराळी वादकपरंपरा उभी राहिली. डिचोली, पेडणे, सत्तरी हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. येथे संगीताचा आधार देऊळ हाच राहिला. देवळाच्या सेवेस बांधलेल्या घराण्यांतील स्त्रिया गात आणि पुरुष साथ करीत. तबला, मृदंग, सारंगी, पुढे पेटी ही त्या घरांतील रोजची भांडीकुंडी होती म्हटले तरी चालेल. अशा घरातील मुलाला रियाजासाठी सोबत शोधावी लागत नसे. मामा पेटीवर बसे, आई तोंडाने ओळ गुणगुणे, धाकटा भाऊ टाळी धरी. १९५३ साली निवर्तलेले लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर यांच्याविषयी असे सांगतात की दोन्ही हातांनी आणि दोन्ही पायांनी ते वेगवेगळे ताल एकाच वेळी दाखवीत. एवढी लय एका माणसाच्या ठायी येते तेव्हा तिच्या मागे अशाच घरांतील कितीतरी न दिसणारे तास असतात. नागेशीचे पंढरीनाथ नागेशकर (१९१३–२००८) याच भूमीतून मुंबईस गेले, आणि तेथे त्यांच्या हाताखाली जे शिष्य तयार झाले त्यांत पुढे सुरेश तळवलकरांसारखे वादक निघाले.

परंतु या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या घराण्यांनी ही साथ पिढ्यान्‌पिढ्या पुरविली, त्यांच्या वाट्याला त्या काळच्या समाजाने मान दिला नाही. गाणे ऐकावयास सर्वजण जात, पण गाणाऱ्याच्या पंक्तीला बसावयास कोणी तयार नसे. साथीदारांची अवस्था त्याहून बिकट होती. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांची लेबले पाहा. गायिकेचे नाव ठळक असते, रागाचे नाव असते, तालाचेही असते. सारंगी कोणी धरली आणि ठेका कोणी दिला, हे बहुधा कोठेच नसते. आणि तिसरी बाजू अशी की, या घरांबाहेरच्या एखाद्या मुलाला तबला शिकण्याची ओढ लागली तर त्याला ही सोबत मिळणे दुरापास्त होते. शेतकऱ्याच्या किंवा पुढे खाणीवर राबणाऱ्याच्या घरी पेटी कोठून येणार? आली तरी दिवसभराच्या श्रमानंतर ती तासभर वाजविणार कोण? आजच्या पाळीतल्या मुलाकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये. जुन्या काळच्या घरगुती रियाजाचे आपण फार हळवे गुणगान करतो. त्या घराचा उंबरठा किती जणांना ओलांडता येत होता, हे मात्र विचारीत नाही.

पेटीची कथा तर मोठी मौजेची आहे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारावयाचे जड वाद्य होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला आपल्या बैठकीच्या मापाचे केले. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर. मराठी संगीत रंगभूमीने तिला उचलून धरले, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला प्रतिष्ठा दिली, आणि रियाजाच्या दृष्टीने एक मोठीच सोय झाली. सारंगी शिकावयास वर्षे लागतात; रोज जुळवावी लागते; तारा तुटतात. पेटी मात्र जुळवावी लागत नाही. थोड्याशा अभ्यासाने घरातील कोणीही तीवर लेहरा धरू शकतो. सारंगियाची मिरास येथे प्रथम सुटली. तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, ही तक्रार होतीच. त्याच कारणावरून १९४० साली आकाशवाणीने पेटीला आपल्या केंद्रांची दारे बंद केली, ती साथीपुरती उघडावयास १९७१ साल उजाडावे लागले. ज्या माध्यमातून मी आज बोलत आहे त्यानेच एकेकाळी पेटीला बाहेर बसविले होते, ही कबुली देणे मला भाग आहे. त्या तीस वर्षांत गोव्याच्या देवळांतील भजनांत पेटी कोणाला न विचारता वाजतच राहिली. १९६१ पर्यंत तर आकाशवाणीचा नियम येथे लागूही नव्हता. पेडण्याचे नाव ज्यांच्या आडनावात आहे ते मधुकर पेडणेकर, म्हणजेच पी. मधुकर, आणि त्यांचे शिष्य, १९३४ साली बोरीत जन्मलेले तुळशीदास बोरकर, यांनी या बाहेर बसविलेल्या वाद्याला कोठवर नेले हे आपण जाणतोच. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, आणि साथीच्या वाद्याला इतका मान मिळताना पाहून अनेक जुन्या वाजप्यांना बरे वाटले असेल.

यापुढची पायरी यंत्राची. माणसावाचून सोबत देणारे पहिले यंत्र म्हणजे तालमापक. माल्झेल याने १८१५ साली त्याचे पेटंट घेतले. परंतु ते नुसते ‘टक टक’ करते. सूर देणारी सोबत तबकडीने आणली. अमेरिकेत अर्विंग क्रॅट्का याने १९५० मध्ये एक कंपनी काढली, तिचे नावच ‘म्यूझिक मायनस वन’. म्हणजे सर्व वाद्ये आहेत, तुमचे तेवढे वगळले आहे. रिकामी जागा घरी बसून तुम्ही भरावयाची. १९६७ साली जेमी एबरसोल्ड या सॅक्सोफोनवादकाने जाझच्या विद्यार्थ्यांसाठी अशाच तबकड्या सुरू केल्या. त्याच्या तबकड्यांत एका कर्ण्यातून बास आणि दुसऱ्यातून पियानो येई. ज्याला ज्या वाद्याचा अभ्यास करावयाचा असेल त्याने तो कर्णा बंद करावा. ही युक्ती श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण मी पुढे तिच्याकडे परत येणार आहे. १९७१ साली जपानमध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए याने गाण्याची साथ वाजविणारे नाणेयंत्र बनविले, आणि कराओके जगभर पसरले.

आपल्याकडे तबकडीचा या कामी उपयोग झाला नाही. जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तेवढ्यात पेशकाराची प्रस्तावनासुद्धा होत नाही. आपल्याकडे हे काम कॅसेटने केले. १९६३ मध्ये निघालेली ही कॅसेट आखाती देशांतून परतणाऱ्या गोवेकरांच्या सामानातून टेपरेकॉर्डरसह आली आणि गावोगाव पोहोचली. गुरुजी पेटीवर स्वतः अर्धा तास लेहरा वाजवून तो शिष्याच्या कॅसेटवर भरून देत. त्या कॅसेटमध्ये मधूनच खोकल्याचा आवाज असे, कोणी चहा आणून ठेवल्याची चाहूल असे, आणि गुरुजींचे ‘हं, आता दुगुण’ असे शब्दही असत. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले म्हणजे लेहऱ्याची लय मंदावे आणि त्याचबरोबर पट्टीही खाली जाई. मग दाहिन्याच्या गठ्ठ्यांवर हातोडी मारून तबलाच खाली आणावा लागे. यंत्राच्या लहरीप्रमाणे माणसाने जुळवून घ्यावयाचे, असा तो काळ होता. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांचा विजेवर चालणारा तंबोरा आला आणि त्यामागोमाग ठेका देणाऱ्या, मग लेहरा वाजविणाऱ्या पेट्याही आल्या. २००५ साली यूट्यूब सुरू झाले. पुढे मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट आले. आता ताल निवडावा, राग निवडावा, काळी एक की पांढरी चार ते सांगावे, लय हवी तेवढी करावी. पट्टी जागची हलत नाही. अर्धा तास नव्हे, रात्रभर वाजवा. सोबती थकत नाही, चहा मागत नाही, आणि चुकतही नाही.

या चुकत नाही म्हणण्यावरच अनेक जाणत्यांचा राग आहे. ते म्हणतात, यंत्राच्या लेहऱ्यावर तयार झालेला हात ताठ होतो. त्याच्या लयीत जीव राहत नाही. मला हा आक्षेप पुरता पटत नाही. लेहऱ्याचे कामच मुळी स्थिर राहण्याचे आहे. तालमापक निघाला तेव्हा युरोपातही हेच गाऱ्हाणे झाले होते, आणि त्यानंतर दोनशे वर्षे तेथे उत्तम वादक निपजतच आहेत. उलट, घरच्या कच्च्या पेटीवाल्याच्या डळमळीत लेहऱ्यावर रियाज करून ज्यांची लय कायमची बिघडली, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही. तबला शिकणाऱ्या मुलाचे यंत्राने भलेच केले आहे, असे मी म्हणेन. पाळीतल्या त्या मुलाला पन्नास वर्षांपूर्वी ही सोबत कोणी दिली असती?

खरे नुकसान दुसऱ्याच माणसाचे झाले आहे, आणि त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. जो लेहरा धरावयास बसत असे, त्याचे. त्याच्यासाठी ती एक शाळाच होती. फी देण्याची ऐपत नसलेला शिष्य गुरूच्या घरी दुसऱ्या शिष्यांसाठी तासन्‌तास पेटी धरी. प्रत्येक शिष्याची चूक तो ऐके, आणि त्या प्रत्येक चुकीवर गुरूने केलेली दुरुस्तीही ऐके. स्वतःच्या बोटांची चिंता नसल्यामुळे त्याचा कान मोकळा असे. कोण कोठे घाई करतो, कोणाची तिहाई अर्ध्या मात्रेने लांबते, हे त्याला वाजविणाऱ्याच्याही आधी कळे. दुसऱ्याला सांभाळून घेण्याची विद्या दुसऱ्याजवळ बसूनच येते. अशा बैठकींतून पेटीवाले झाले, साथीचे तबलजी झाले, आणि पुढे त्यांतील काही उत्तम गुरूही झाले. आता तीच जागा मोबाइलने घेतली. तबलजीचा रियाज अडला नाही. पण पेटीवाल्याचा वर्ग बंद पडला.

कोणी म्हणेल, पेटी शिकणाऱ्यासाठीही इंटरनेटवर ठेका मिळतोच की! मिळतो. परंतु त्या ठेक्यावर लेहरा धरणे आणि हुलकावण्या देणाऱ्या वादकासमोर तो धरणे, यांत विहिरीत पोहणे आणि पुरात पोहणे इतके अंतर आहे. एबरसोल्डच्या त्या तबकडीत निदान एवढी सोय होती की पियानोवाल्याने आपला कर्णा बंद करून साथीचाच अभ्यास करावा. साथ हीसुद्धा शिकावयाची कला आहे, हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले होते. आपल्या लेहऱ्यांच्या ध्वनिफितींत साथीदार हा सेवक आहे. त्याने शिकावयाचे काय, असा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. जुन्या समाजाने साथीदाराकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर यंत्रात अशी जशीच्या तशी उतरली आहे, असे मला पुष्कळदा वाटते.

सुदैवाने डिचोली आणि पेडण्यात ही विद्या अद्याप अगदी निराधार झालेली नाही. चवथ जवळ आली की घराघरांतून घुमटे खाली काढली जातात. मातीच्या घड्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले, दुसरे तोंड उघडे. एका हाताने वाजवावयाचे आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने उघड्या तोंडाशी आवाज घडवावयाचा. पूर्वी त्यास घोरपडीचे कातडे लावीत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते वर्ज्य झाले आणि बकऱ्याचे कातडे आले. आवाज पूर्वीचा राहिला नाही, अशी खंत म्हातारी माणसे करतात, आणि वाजवावयास मात्र सर्वांच्या आधी बसतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले. या घुमट आरतीत आणि सुंवारी वादनात सात-आठ घुमटे, शामेळ आणि कासाळे एकत्र वाजतात. एखादा जाणता वादक पुढे जातो तेव्हा बाकीच्यांनी मूळ चाल धरून ठेवावयाची असते; तो परत येईपर्यंत ती हलता कामा नये. नव्या मुलाच्या हाती प्रथम कासाळे येते. म्हणजे येथे शिक्षणाचा आरंभच साथीपासून होतो. आधी धरावयास शिक, मग सोडावयास.

भजनाचेही तसेच. कला अकादमी १९७० मध्ये स्थापन झाली. मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मृतीस वाहिलेली तिची भजनी स्पर्धा सर्वांच्या परिचयाची आहे. त्या स्पर्धेसाठी तालीम करणाऱ्या एखाद्या पथकात पेटीवाल्याकडे पाहावे. बुवा कोठे थांबतील, कोणती ओळ पुन्हा उचलतील, हे आधी ठरलेले नसते. पेटीवाल्याचे डोळे बुवांच्या ओठांवर असतात. अशा ठिकाणी ध्वनिफीत लावून चालत नाही, म्हणून तेथे अजून माणूस लागतो. पथके मात्र एक तक्रार अलीकडे हटकून करतात: पखवाज वाजविणारी मुले हवी तेवढी मिळतात, पेटीवर बसणारे मिळत नाहीत.

पाळीतल्या त्या मुलाकडे मी पुन्हा एकदा गेलो होतो. त्याचा कायदा आता चांगला बसला आहे. सहज विचारले, “बाळा, ही पेटी वाजवतात कोण?” त्याने वाजविणे थांबविले, मोबाइल हाती घेतला आणि पडदा वरखाली सरकवून पाहिला. त्यावर तालाचे नाव होते, रागाचे होते, पट्टी काळी एक होती, लय साठ होती. वाजविणाऱ्याचे नाव त्यात कोठे नव्हते. त्याने मोबाइल पुन्हा भिंतीला टेकविला आणि सम येण्याची वाट पाहत हात तबल्यावर ठेवले.